नाताळचा डबा परदेशी: खान्देशातून पोस्टाचं परदेशी स्पीड पोस्ट किती कामाचं?

ख्रिस्ती सेवाकार्यासाठी केनिया, युगांडा, फिलिपिन्सला गेलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला घरचा फराळ पाठवायचा, तर पोस्टाचं परदेशी स्पीड पोस्ट हाच नवापूर-नंदुरबारकडच्या घरांना परवडणारा रस्ता आहे. 5 पैकी 3.5 गुण. उरलेला दीड का कापला ते पुढे येईल. पण जे डबे अडकतात त्यातले बरेचसे भरतानाच चुकलेले असतात, म्हणून आधी त्याबद्दल.

बुकिंग गावच्या शाखा डाकघरात होत नाही. नंदुरबार, धुळे, जळगाव, भुसावळ इथलं मोठं डाकघर गाठावं लागतं, आणि परदेशी बुकिंगची वेळ फोन करून विचारूनच निघावं. आधारची झेरॉक्स लागते. खोकं घरून चिकटवून नेऊ नका. आत काय आहे ते काउंटरवर बघायला मागतात, मग टेप कापा, पुन्हा लावा. रुंद टेप आणि कात्री सोबत ठेवा.

दर 250 ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो आणि वर जीएसटी. खोकं, टेप, कागद धरून 4 किलो 760 ग्रॅम भरलं तर पैसे 5 किलोचे जातात. मग उरलेल्या 240 ग्रॅमात मसाल्याची पुडी टाकून घ्यावी. पाच थरांचं पुठ्ठ्याचं खोकंच अर्धा किलोच्या आसपास जातं, हे विसरलं की घरचा हिशेब काउंटरवर मोडतो. खासगी कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000ने भागतात. 40×30×30चं खोकं त्यांच्याकडे 7.2 किलोचं होतं, आत चिवडा कितीही हलका असो.

पत्ता हा सगळ्यात मोठा खड्डा. केनिया, युगांडा, टांझानियात टपाल सहसा घरपोच येत नाही, पीओ बॉक्सवर, म्हणजे डाकघरातल्या नंबराच्या पेटीवर येतं. मुलगा राहतो त्या घराचा पत्ता लिहून भागत नाही. तिथल्या मंडळीचा (चर्चचा) किंवा संस्थेचा पीओ बॉक्स नंबर, गाव आणि मुलाचा तिथला मोबाइल नंबर हवाच. पार्सल आल्यावर तो ओळखपत्र घेऊन डाकघरात जाणार आणि शुल्क लागलं तर तिथेच भरणार. मानधन तुटपुंजं असतं, तेव्हा शुल्कापुरते पैसे त्याच्याकडे आधी पोचवा.

कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘घरगुती खाऊ’ लिहू नका. प्रत्येक जिन्नस वेगळा, त्याचं वजन, किंमत, आणि एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक: चिवडा-फरसाणला 2106 90, मिश्र मसाल्याला 0910 91, नाताळच्या कागदी चांदणीला 9505 10. किंमत शून्य टाकली तर शंका येते, खरी टाका. ‘गिफ्ट’वर खूण करा.

आता आतला माल. मावा, दूध, ओलं खोबरं काहीही नको. करंजीचं सारण सुक्या खोबऱ्याचं, चांगलं भाजलेलं. नाहीतर तीन आठवड्यांत खवट होतं. करंज्या पिशवीत कधीच नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या रांगेत, मध्ये कागद. शंकरपाळे सगळ्यात भरवशाचे. तळलेलं सगळं रात्रभर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, कोमट भरलं की आत वाफ धरते आणि चिवडा मऊ पडतो. बिबडे (ज्वारीचे पापड) पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत दोरीने बांधले तर निम्म्याहून जास्त अख्खे पोचतात. केळीचे वेफर्स फुगलेल्या पाकिटात पाठवू नका, जागा खातात आणि फुटतात. तेलाचं लोणचं, अत्तर, पॉवर बँक घरीच ठेवा.

खसखशीकडे लक्ष द्या. अनारशाला वरून लावतात, करंजीत असते, काही घरांच्या काळ्या मसाल्यातही असते. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिकडे डबा जाणार असेल तर महिला मंडळाच्या बहिणींना तळणाच्या आधीच सांगा, अनारशाला तीळ लावता येतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर घरगुती फराळ न पाठवलेलाच बरा.

एकटा मुलगा 4 किलो फराळ खात नाही, वाटतो. म्हणून एका मोठ्या पिशवीपेक्षा 100 ग्रॅमच्या पंधरा-वीस पुड्या करा. उपासनेनंतर शेजाऱ्यांच्या हातात द्यायला त्याला सोपं जातं. डब्यात धर्मप्रचाराच्या पत्रकांचे गठ्ठे मात्र घालू नका. नेपाळमध्ये 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर करवणं गुन्हा आहे. घरच्यांच्या भाबडेपणाची झळ मुलाला बसायला नको.

डबा 1 ते 10 नोव्हेंबरदरम्यान पोस्टात पडावा. म्हणजे नाताळचं तळण घरी सुरू व्हायच्या महिनाभर आधी हे तळण करावं लागतं. दिवाळी याच सुमारास आली तर हेच तिच्या पार्सलांच्या गर्दीचे दिवस, तेव्हा सकाळी लवकर जा. मुलगा इथिओपियात असेल तर सवड आहे, तिथला नाताळ 7 जानेवारीला असतो. फिलिपिन्समध्ये 16 डिसेंबरपासून पहाटेच्या मिस्सा (चर्चमधल्या उपासना) सुरू होतात, तिथे त्याआधी पोचलेला डबा जास्त कामी येतो.

गुण कापले ते यासाठी: काउंटरवर सांगतात ते दिवस कस्टम सोडून असतात, आणि पार्सल मुंबईच्या परदेशी डाकघरातून पुढे गेलं की माहिती तुटक येते. पावतीवरचा 13 अक्षरी नंबर, सुरुवातीला ‘E’, शेवटी ‘IN’, त्याच दिवशी मुलाला फोटो काढून पाठवा. पार्सल त्याच्या देशात पोचलं की तोच नंबर तिथल्या पोस्टाच्या संकेतस्थळावर टाकून बघायचा, आणि आठवडाभर काही हललं नाही तर त्यानेच तिथल्या डाकघरात जाऊन विचारायचं.