जुनी पेट्रोल पिकअप ई-20 साठी बदलून घेतली, त्याचा अनुभव

गाडी 2020 ची, दोन सिलिंडरची छोटी पेट्रोल पिकअप. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादर-टॉवेलचे गठ्ठे उचलायचे, अधूनमधून तुळजापूर-लातूर. एप्रिल 2023 च्या आधीची गाडी ई-10 च्या, म्हणजे 10 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या हिशोबानं बनलेली, आणि साध्या पेट्रोलच्या नावाखाली पंपावर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवालंच येतं.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला पेट्रोलचे पाइप, ओ-रिंगा आणि पंपाचं सील विटॉनचं (इथेनॉलला टिकणारं रबर) करून घेतलं, फिल्टर नवा टाकला. मजुरीसकट तीन हजारांच्या आत. काढलेला पाइप दाबून बघितला तर भिजलेल्या चामड्यासारखा मऊ, क्लिपपाशी फुगलेला. त्यातून सायलेन्सरजवळ गळती सुरू झाली असती तर? तेवढ्यासाठी तरी पैसे वसूल.

ॲव्हरेज मात्र परत येत नाही. अठराची गाडी सतराच्या आसपास आली ती तिथंच आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही अशा चारचाकींना 6-7 टक्के घट धरलेली आहे. पाइप बदलून ॲव्हरेज वाढवतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला लांबूनच नमस्कार करा. ओढ कमी झालेली नाही, तुळजापूरचा घाट भरल्या गाडीनं पूर्वीसारखाच चढतो.

खरा त्रास पाण्याचा. श्रावणात ड्रायव्हर गावी गेला, गाडी काही दिवस उभी, त्यात टाकीच्या झाकणाचं वायसर फाटलेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात. पंप ओढतो नेमकं तेच. सकाळी गाडी नुसती झटके मारत होती. टाकी उपसल्यावर बाटलीत दोन थर स्पष्ट दिसले. आता वायसर नवं, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून.

काही जण ऑनलाइन मिळणारी, इंजेक्टरचं इंधन वाढवणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवून थेट शंभर टक्के इथेनॉलवर चालवा म्हणतात. जळायला एक भाग पेट्रोलला वजनानं 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9. म्हणजे इंजेक्टरनं जवळपास दीडपट इंधन सोडायला हवं. वर आरटीओ आणि विम्याची भानगड. धंद्याच्या गाडीवर हा प्रयोग मी करणार नाही.

उसाच्या रसाच्या इथेनॉलला 2024-25 मध्ये कारखान्यांना लिटरमागं 65.61 रुपये भाव होता. ऊस आपल्याच जिल्ह्यातला, पण पंपावर ई-20 म्हणून एक रुपया कमी नाही. भाडं वाढवून मागितलं तर व्यापारी विचारतो, "पेट्रोल कुठं वाढलंय, मालक?"