पितळखोरे लेणी: चाळीसगावहून निघणारी एका दिवसाची मार्गदर्शित सहल

पितळखोऱ्याच्या पठारावर गाडी थांबते तेव्हा समोर केवळ खुरटे गवत, काळा दगड आणि दूरवर पसरलेले रान दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी येथे भिक्खूंची वस्ती होती याची कोणतीही खूण वरून दिसत नाही, कारण ती वस्ती आपल्या पायांखाली, दरीच्या कड्यात कोरलेली आहे आणि तेथे पोहोचायचे असेल तर जमिनीच्या पातळीवरून खाली उतरत जावे लागते. माझ्या एकाहत्तर वर्षांच्या वडिलांना हे लेणे एकदा नीट पाहायचे होते. वीस वर्षांपूर्वी ते एकटे येऊन गेले होते आणि “काहीच कळले नाही, नुसते मोडके दगड पाहून परत आलो,” असे सांगत असत. म्हणून या डिसेंबरमध्ये आम्ही धुळ्याहून आदल्या संध्याकाळी चाळीसगावला मुक्काम केला आणि तेथील काही स्थानिक तरुण हिवाळ्यात दर रविवारी जी एका दिवसाची सहल नेतात तिच्यात नाव नोंदवले. माणशी १,१०० रुपये घेतात. त्यात गाडी, सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण आणि मार्गदर्शक एवढे येते. आमच्या गाडीत चौदा जण होतो.

सहल सकाळी सातला स्थानकाजवळून निघणार होती, प्रत्यक्षात पावणेआठला निघाली. हा उशीर पुढे दिवसभर भोवला, त्याविषयी नंतर लिहिते. पहिला थांबा पाटणादेवीचा. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, सातमाळा डोंगराच्या कुशीत, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत चंडिकेचे हे दगडी मंदिर आहे. खान्देशातील कित्येक घराण्यांची ती कुलदेवता असल्यामुळे गाडीतील निम्मी मंडळी मुळात दर्शनासाठीच आली होती, लेण्यांकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. मार्गदर्शकाने हे ओळखले आणि दर्शनाची घाई केली नाही. सर्वांची ओटी भरून झाल्यावर त्याने आम्हाला मंडपाबाहेर बसवून पाटणच्या शिलालेखाची गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते सहलीची खरी सुरुवात तेथे झाली.

हा लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांसमोर आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता; आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत यासाठी त्याने येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असला तरी शेवटी मजकूर जुन्या मराठीत उतरतो, आणि उतरतो तो थेट बाजारात: पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा वाटा मठाला द्यावा, जेवढे घाणे चालतील तेवढ्यांनी मापाने तेल द्यावे, अशी ती व्यवस्था आहे. मार्गदर्शक म्हणाला, “मठातल्या दिव्याचं तेल गावातल्या घाण्यावरून यायचं. दुपारी खाली उतराल तेव्हा एवढं लक्षात ठेवा.” हे वाक्य त्याने उगाच टाकले नव्हते, हे दुपारी कळले.

जेवण पाटणादेवीजवळच एका वस्तीवर झाले. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक असा बेत होता. गोवरीवर भाजलेल्या बट्ट्यांवर तूप सढळ हाताने वाढले. जेवणाविषयी तक्रारीला कोणतीही जागा नाही. तक्रार वेळेची आहे. सकाळचा उशीर आणि हे भरपेट जेवण यांमुळे आम्ही औट्रम घाट चढून, कालीमठाच्या बाजूने पितळखोऱ्याच्या पठारावर पोहोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. तुपाची बट्टी खाऊन लगेच दरीत उतरायचे आणि उन्हात परत चढायचे ही योजना मुळातच चुकीची आहे. आयोजकांनी क्रम उलटा करावा, म्हणजे सकाळी आधी लेणी आणि मग देवीचे दर्शन व जेवण, असे मी त्यांना तेथेच सुचवले. त्यांनी ऐकून घेतले; बदल केला की नाही, हे पुढच्या प्रवाशांनी विचारून घ्यावे.

उतरण्याआधी मार्गदर्शकाने तीन सूचना दिल्या. कड्याला आग्या मोहळे असतात, म्हणून अत्तर किंवा उग्र वासाचे काही लावले असेल त्यांनी ओल्या रुमालाने पुसून काढावे आणि दरीत आरडाओरडा करू नये; रंगचित्रांवर फ्लॅश टाकून फोटो घेऊ नयेत; आणि कोरीव भागाला हात लावू नये. फ्लॅशची सूचना एका जोडप्याने मोडली तेव्हा त्याने शांतपणे, पण ठामपणे त्यांना थांबवले. पायऱ्या बांधीव असल्या तरी उंची एकसारखी नाही, काही ठिकाणी झिरपत्या पाण्याने शेवाळ धरले आहे. अशा प्रत्येक जागी तो वडिलांच्या पुढे उभा राहून “आप्पा, पाय दखीसन ठेवा, आठे निसरडं शे,” असे सांगत होता आणि हात देत होता. एकटा मार्गदर्शक चौदा जणांना पुरत नाही, ही गोष्ट मात्र तेथे जाणवली. वडिलांना तो सांभाळत असताना पुढे गेलेली मुले कड्याच्या टोकापर्यंत पोहोचली होती.

आता लेण्यांविषयी. पितळखोरे कन्नड तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येते, पण ते खान्देश आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील डोंगरात आहे आणि आमच्याकडचे लोक त्याला आपलेच मानतात. येथे एकूण १४ लेणी आहेत. सर्वांत जुने खोदकाम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे बुद्धाची मूर्ती घडवण्याची पद्धत सुरू होण्याच्या आधीचे. अजिंठ्याला जाऊन आलेला माणूस येथे पहिल्या पाच मिनिटांत निराश होतो, कारण येथील दगड ठिसूळ थरांचा आहे आणि पाण्याने ते थर कुजून दर्शनी भाग कोसळले आहेत. पुरातत्त्व खात्याने छत तोलण्यासाठी उभे केलेले नवे खांब प्रथम डोळ्यांत भरतात. वीस वर्षांपूर्वी वडील नेमके याच ठिकाणी मागे फिरले होते. मार्गदर्शकाने ही निराशा लपवली नाही. त्याने आम्हाला पडझडीसमोरच उभे केले आणि कोणता थर आधी झिजला, त्यामुळे वरचा भाग कसा अधांतरी राहिला आणि मग कसा खाली आला, हे कड्यावर बोट फिरवून दाखवले. कोसळलेल्या भागाखाली साचलेला राडारोडा १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली उपसला गेला, तेव्हा त्यातून शिल्पे बाहेर आली. एवढे समजल्यावर ती पडझड आम्हाला केवळ उजाड वाटेनाशी झाली.

चौथ्या क्रमांकाचा विहार, म्हणजे भिक्खूंच्या निवासाचे लेणे, हा या सहलीचा गाभा आहे, आणि जे केवळ अर्धा तास देणार असतील त्यांनी तो सगळा येथेच द्यावा. जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे, दाराच्या बाजूंना द्वारपाल उभे आहेत, आणि दारातून आत जाणारा जिना खडकाच्या आतूनच वर चढतो. त्या जिन्यात शिरल्यावर बाहेरचा उजेड दोन पावलांत मागे पडतो, हवा एकदम गार होते आणि आपण डोंगराच्या पोटात आलो आहोत ही जाणीव अंगावर काटा आणते. वटवाघळांचा उग्र वास आहे. ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. कड्यावरून येणारे पावसाचे पाणी लेण्यात साचू नये म्हणून खडकातून नाली काढून दिली आहे, आणि त्या पाण्याच्या वाटेवर पाच फण्यांचा नाग कोरून पाणी फणांतून बाहेर पडेल अशी योजना केली आहे. वडील पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. ते त्या नागासमोर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि उतार किती असेल, गाळ कोठे बसत असेल, असे प्रश्न मार्गदर्शकाला विचारू लागले. त्यानेही जेथे उत्तर माहीत नव्हते तेथे “हे मला ठाऊक नाही, आप्पा,” असे सरळ सांगितले. ज्या मार्गदर्शकाला माहीत नाही असे म्हणता येते, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

मग त्याने सकाळची गोष्ट पुढे नेली. लेणी राजांनी खोदवली असे आपण धरून चालतो, पण येथील ब्राह्मी लेखांत नावे निघतात ती वेगळ्याच लोकांची. शेजारच्या तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यातील, एका खांबावर प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथील मितदेव या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. दुसऱ्या एका खांबावर प्रतिष्ठानच्याच संघकाच्या मुलांचे. विहारातील दानलेखांत मगिल नावाचा राजवैद्य भेटतो, आणि त्याच्यासोबत त्याच्या मुलांचीही नावे आहेत. येथे सापडलेली, दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र धरलेली हसऱ्या चेहऱ्याच्या ठेंगण्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवल्याचे कोरले आहे. मार्गदर्शकाने त्या मूर्तीचा मोठा छापील फोटो पिशवीतून काढून सर्वांच्या हातांतून फिरवला. सोनाराने दगडाला हात घातला म्हणून कानांतले आणि गळ्यातले दागिने एवढे बारीक उतरले असावेत, असे माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी म्हटले. ते स्वतः जळगावच्या सराफ बाजारात काम करणारे होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे सर्वांनी लक्ष देऊन ऐकले. सकाळी देवीपुढे ओटी भरणाऱ्या आणि लेण्यांविषयी उदासीन असलेल्या बायका आता गांधिकाचा खांब कोणता, वैद्याची खोली कोणती, असे विचारत फिरत होत्या. पाटणच्या घाण्यावरचे तेल आणि पैठणच्या गंध्याचा खांब यांमध्ये चौदाशे वर्षांचे अंतर आहे, धर्म वेगळा आहे, तरी दान देणारा हात ओळखीचा आहे. मार्गदर्शकाने हे सूत्र आम्हाला शब्दांत सांगितले नाही, पण दिवसभराची मांडणी अशी केली की ते आमचे आम्हाला सापडले.

चैत्यगृहाच्या खांबांवर नंतरच्या काळातील, पाचव्या शतकाच्या सुमाराची बुद्धप्रतिमांची रंगचित्रे आहेत. रंग बराच गेला आहे. विजेरीचा प्रकाश तिरका धरला तरच वस्त्रांच्या कडा आणि प्रभावळी उमटतात. दुर्दैवाने आमच्या गटात विजेरी एकट्या मार्गदर्शकाकडे होती आणि तिचाही प्रकाश क्षीण होत चालला होता. एवढी चांगली माहिती देणाऱ्या सहलीने दोन चांगल्या विजेऱ्या बाळगू नयेत, हे मला पटले नाही. येथील स्तूपाच्या पोटातील खाचांतून स्फटिकाचे अस्थिकरंडक, म्हणजे पवित्र अवशेष ठेवण्याच्या डब्या, मिळाले होते, हे ऐकून आम्ही त्या रिकाम्या जागेपुढे काही वेळ उभे राहिलो. समोरच्या कड्यातील लहान लेण्यांत स्तूप आहेत. तिकडे जाण्यास वेळ उरला नाही. लांबूनच पाहावे लागले. लेण्यांसाठी आम्हाला एकूण सव्वा तास मिळाला, अडीच तास हवे होते.

परतीची चढण वडिलांनी चार ठिकाणी बसून पूर्ण केली. दरीत पिण्याचे पाणी मिळत नाही, त्यामुळे प्रत्येकाने किमान दोन लिटर स्वतः उचलावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठी न्यावी, आणि हृदयविकार असलेल्यांनी खाली उतरूच नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. पावसाळ्यात दरीतील धबधबा पाहण्यासाठी गर्दी होते, परंतु त्या दिवसांत शेवाळलेल्या पायऱ्यांवर ज्येष्ठांना नेऊ नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम.

पैशांचा हिशेब केला तर स्वतःच्या वाहनाने जाणे स्वस्त पडते आणि वेळही हाताशी राहतो. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्गदर्शकासह जावे असे माझे मत आहे, कारण जागेवर माहिती मिळण्याची सोय अपुरी आहे आणि हे लेणे आपण होऊन काही सांगत नाही. गाडीत परतताना वडिलांनी मार्गदर्शकाकडून दानलेखांतील सगळी नावे आपल्या वहीत लिहून घेतली. चाळीसगाव येईपर्यंत ते ती वही मांडीवर उघडी ठेवून बसले होते, आणि उतरताना समोरच्या कड्यातील लेण्यांसाठी फेब्रुवारीत पुन्हा यायचे असे त्यांनी त्याला सांगून ठेवले.