जेलीफिन लावून दीड वर्ष झालं, आता घरचा केबलवाला मीच

आमच्या आलमारीवर डीव्हीडीचं एक खोकं, आईबाबांच्या लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेटी आणि माझ्या मुंजीची हॅन्डीकॅमची टेप अशा पडल्या होत्या, आणि दर दिवाळीत साफसफाई करताना आई विचारायची, "हे ठेवू का फेकू रे?" त्यातून जेलीफिनचा, म्हणजे आपले सिनेमे नि व्हिडिओ घरच्या एका पीसीवर ठेवून सगळ्यांच्या टीव्हीवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हा उद्योग सुरू झाला. नागपूरला आई-बाबा नि आजी, पुण्याला ताई नि तिचा पोट्टा, एवढे लोक दीड वर्षापासून माझं जेलीफिन वापरून राहिले. म्हटलं लिहावं, कारण जे रिव्ह्यू दिसतात ते बहुतेक एकट्यानं बघणाऱ्यांचे, घरच्यांच्या हातात रिमोट दिल्यावर काय होते ते कोणी सांगत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेलीफिन फुकट नि ओपन सोर्स आहे, 2018 च्या शेवटी एम्बी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरनं आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणं बंद केलं तेव्हा काही लोकांनी जुन्या कोडवरून हे वेगळं काढलं. प्लेक्स हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर सोपं आहे हे मान्य, पण 2025 च्या एप्रिलपासून तिथं घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायचे तर पैसे लागतात, आणि माझी ताई तर पुण्यात.

मशीन म्हणाल तर सीताबर्डीतून घेतलेला सेकंडहॅन्ड मिनी पीसी, आठव्या पिढीचा आय5, 8 जीबी रॅम, 4 टीबीची डिस्क. इंटेल घ्याल तर सातव्या पिढीच्या खालचा नका घेऊ, 10 बिटची एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायचा एक प्रकार) फाइल आली की त्याच्या ग्राफिक्सला झेपत नाही, सगळा भार प्रोसेसरवर जाते नि पंखा असा ओरडते की बाबा उठून बघतात कूलर कोणी लावला. मीटर लावून बघितला, नुसता बसला असला तर 15 वॉटच्या आसपास, म्हणजे महिन्याचे 11 एक युनिट, तेवढं चालते.

सुरुवातीला माझ्याकडून गाढवपणा झाला, सगळं एकाच मूव्हीजच्या लायब्ररीत टाकलं. जेलीफिन बिचारं फाइलचं नाव बघून नेटवरून पोस्टर शोधते, तर आईबाबांच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी मारधाडीच्या सिनेमाचं पोस्टर चिकटलं, बंदूकवाला हिरो वगैरे. बाबा म्हणे, "बरोबरच आहे की!" आईनं दोन दिवस बोलणं टाकलं. घरचे व्हिडिओ असतील तर लायब्ररी बनवतानाच होम व्हिडिओ हा प्रकार निवडायचा, मग ते पोस्टरच्या भानगडीत पडत नाही. आणि सिनेमाच्या फोल्डरच्या नावात कंसात साल टाकाच, एकाच नावाचे दोन दोन सिनेमे निघतात.

प्रत्येकाला आपापलं प्रोफाइल द्या, आळस करू नका. आजी नि बाबा एकाच नावावर बघत होते, मग आजीची मालिका अर्धी राहिली की बाबा पुढचे चार भाग बघून मोकळे, आणि आजीला कळेना आपण कुठं होतो. आता वेगळं आहे. भाच्याच्या प्रोफाइलला फक्त लेकरांचा फोल्डर दिसते. लॉगिनसाठी क्विक कनेक्ट झकास, टीव्हीवर सहा आकडे येतात, आई फोनवर वाचून दाखवते, मी तिच्या नावानं उघडलेल्या ब्राउझरात टाकतो, झालं. नाहीतर रिमोटवरून पासवर्ड टाकायला लावणं म्हणजे घरात भांडण.

खरी डोकेदुखी पुण्याची. जेलीफिनमध्ये बाहेरून पोचायची सोय आपली आपणच करायची, मधे कोणाचा सर्व्हर नसते. आमचा नेटवाला एकाच आयपीमागे, म्हणजे नेटवरच्या एकाच पत्त्यामागे, कितीतरी घरं बसवते, त्यामुळे राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा रस्ता, उघडून उपयोग शून्य. मग टेलस्केल टाकलं, ते दूरदूरची मशीनं एकाच घरच्या नेटवर असल्यासारखी जोडून देते, आतून वायरगार्ड ही सुरक्षित जोडणीची पद्धत वापरते, घरगुती वापराला फुकट आहे. पण ताईच्या जुन्या टीव्हीत ते ॲपच येत नव्हतं, म्हणून तिला अँड्रॉइड टीव्हीवाली स्टिक घ्यावी लागली, त्यावर दोन्ही ॲप चालतात. सहा महिने सुरळीत चाललं आणि एका रविवारी ताईचा फोन, "काहून रे, सगळं गायब झालं!" मी इकडे पीसी बघतो, डिस्क बघतो, राऊटर दोनदा बंद-चालू केला, दीड तास गेला. निघालं काय, तर टेलस्केलमध्ये प्रत्येक मशीनची चावी, म्हणजे जोडायची परवानगी, 180 दिवसांनी संपते, ती मुदत बंद करायचं बटण सेटिंगमध्ये पहिल्या दिवसापासून होतं, मीच बघितलं नव्हतं. तुम्ही लावाल तेव्हाच ते करून टाका, बाप्पा.

नागपूरवाल्यांनी उन्हाळा धरून चाला. मे मध्ये आलमारीवरच्या डिस्कचं तापमान बघितलं तर 54, आणि बाबांचा सल्ला काय, तर कूलरसमोर ठेव! ती सगळी ओली हवा डब्यात घुसली असती. शेवटी देवघराच्या खालच्या कप्प्यात, दार काढून ठेवला, आजीची परवानगी घेऊन. लाइट जाते म्हणून पीसी नि राऊटर दोन्ही यूपीएसवर, आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाइट आली की आपोआप चालू हो ही सेटिंग, नाहीतर तुम्ही ऑफिसात नि घरून फोनावर फोन.

लग्नाच्या कॅसेटी दुकानातून फाइल करून आणल्या, चित्र थोडं हलते, मधे मधे आडव्या रेघा येतात. पहिल्यांदा लावलं तर आजीनं पंगत चार वेळा मागे घ्यायला लावली. जिलबीचं ताट घेऊन एक दुबळासा माणूस रांगेतून जाते, दोन सेकंदही दिसत नाही, तो तिचा भाऊ. त्याचा हलता बोलता दुसरा व्हिडिओ कोणाकडेच नाही. दुसऱ्याच दिवशी त्या फाइलींची एक कॉपी डिस्कवर घालून पुण्याला पाठवली, कारण एकाच डिस्कवर ठेवणं म्हणजे नुसतं देवाच्या भरवशावर.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो बाहेरून जोडायच्या कटकटीसाठी, घरात एक तरी निस्तरणारा नसेल तर या भानगडीत पडूच नका. आता अमरावतीच्या काकूंनाही पाहिजे म्हणे, त्यांना सांगितलं, दिवाळीला येताना स्टिक आणा नि तुमच्याकडच्या कॅसेटीही, दोन्ही एकदमच करून देतो.