श्रवणयंत्र केंद्र: यंत्रापेक्षा वागणूक सरस

वडिलांसाठी ज्या केंद्रातून श्रवणयंत्र घेतले, तिथल्या यंत्रापेक्षा तिथल्या तज्ज्ञ बाईंच्या वागण्याविषयीच अधिक लिहावेसे वाटते. सोबत मी असूनही त्यांनी पहिला प्रश्न वडिलांनाच विचारला आणि तोही समोर बसून, चेहऱ्यावर उजेड राहील अशा बेताने, आवाज न चढवता. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा आधी उच्च वारंवारतेचे, म्हणजे उंच पट्टीचे, ध्वनी जातात, त्यामुळे ‘स’सारखी व्यंजने निसटतात आणि बोलणे कानावर पडूनही नीट उमगत नाही, अशा माणसापुढे ओरडल्याने आवाज तेवढा वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत, हे त्यांनी आम्हाला तपासणीचा आलेख दाखवून समजावले. (हे आधी कळले असते, तर घरातली कितीतरी चिडचिड टळली असती.) तपासणीत २५० ते ८००० हर्ट्झ (वारंवारतेचे एकक) दरम्यानचे बारीक सूर ऐकू येताच बटण दाबायचे होते; त्यात वडील मध्येच गोंधळले, तेव्हा “चुकत काही नाही काका, सूरच बारीक आहे, सावकाश बटण दाबा,” असे म्हणून त्या थांबून राहिल्या.

यंत्र ठीक आहे. गोंगाटात ते नको तो आवाजही वाढवते, पण याची कल्पना आधीच दिली होती.

एक तक्रार मात्र आहे. ऐकू न येणाऱ्यांच्या या केंद्रात रुग्णांची नावे आतून हाक मारून पुकारली जातात आणि प्रतीक्षाकक्षातल्या खुर्च्या दाराकडे पाठ करून मांडलेल्या आहेत. क्रमांक दाखवणारा फलक लावावा, असे अभिप्राय वहीत लिहिले आहे.