कोरलच्या फ्रॅगसाठी जेलवाला सुपरग्लू, वर्षभर वापरून

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरलचे कापलेले तुकडे, म्हणजे फ्रॅग, दगडाला चिकटवायला आधी पातळ सुपरग्लू वापरायचो, तो पाण्यात गेला की पांढरे धागे होऊन पसरायचा आणि सकाळी बघावं तर फ्रॅग वाळूत पडलेला, गोगलगायीने ढकललेला. आता फक्त जेल घेतो, सायनोअॅक्रिलेटचाच (सुपरग्लूचं मूळ रसायन) पण घट्ट, आणि खरंच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक गोष्ट समजून घ्या, हा ग्लू ओलाव्यानेच सेट होतो, त्यामुळे पाण्यात नेल्या नेल्या वरती पातळ साय धरते आणि नुसतं टेकवलं तर ती साय दगडाला चिकटतच नाही. म्हणून फ्रॅग दाबून थोडा गोल फिरवायचा, साय फुटते, आतला ताजा ग्लू दगडाला लागतो, मग मिनिटभर हात हलवायचा नाही. दगडावरचं शेवाळ आधी ब्रशने घासून काढा, नाहीतर ग्लू शेवाळालाच चिकटतो.

जड अॅक्रोपोराला (फांद्यांच्या कडक कोरलला) मात्र एकटा जेल पुरत नाही, तिथे दोन भागांची इपॉक्सी पुट्टी मळून मधे घालतो, तिच्या दोन्ही बाजूंना जेल. पुट्टी एका दिवसात जास्त लावू नका, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेसाने उतू जातो.

मऊ कोरलसाठी ग्लूवर पैसे घालवू नका, ते चिकट स्राव सोडून सुटतातच, त्यांना बारीक दगडांच्या वाटीत जाळी लावून आठवडा-दोन आठवडे ठेवलं की आपोआप धरतात. आणि झोअँथिड (बटणांसारखे झुपके असणारे कोरलसारखे जीव) कापताना हातमोजे, चष्मा घालाच प्लीज, त्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं.

ट्यूब लहानच घ्या, मोठी उघडली की अर्धी आतच दगड होते.