स्लीप टेक व्हायचंय: दोन वर्षांची डिग्री की थेट लॅबमध्ये ट्रेनी?

आरपीएसजीटी (झोपेच्या चाचण्या करणाऱ्या तंत्रज्ञाचं, म्हणजे स्लीप टेकचं, प्रमाणपत्र) कशाला म्हणतात आणि रात्रपाळीत काय करावं लागतं हे माहीत असूनही ज्यांचा विचार बदललेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ते देणाऱ्या बीआरपीटी या मंडळाची परीक्षा सगळ्यांना एकच, हातात पडणारं प्रमाणपत्रही एकच. प्रश्न आहे तो परीक्षेपर्यंत पोचायच्या रस्त्याचा. एक रस्ता कम्युनिटी कॉलेजातून जातो: सीएएएचईपीची (आरोग्य-शिक्षणाचे कोर्स तपासणारी संस्था) मान्यता असलेली दोन वर्षांची असोसिएट डिग्री. दुसऱ्या रस्त्यावर झोपेच्या चाचण्यांच्या एखाद्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागायचं, ए-स्टेप या स्लीप टेकच्या शिक्षणक्रमाचा ८० तासांचा प्राथमिक कोर्स आणि पुढची ऑनलाइन मॉड्यूल्स करायची, कामाचे तास भरायचे आणि परीक्षेला बसायचं. बायकोच्या नोकरीमागे मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात आलो. आधी ट्रेनीची जागा मिळाली, नंतर डिग्रीला प्रवेश, आणि बराच काळ दोन्ही बरोबरच चाललं. दुसऱ्या राज्यातल्या लोकांचा अनुभव वेगळा असू शकतो.

पैशाचं आधी उरकतो. ट्रेनीला पहिल्या महिन्यापासून पगार, म्हणजे ती वाट स्वस्त, असं सगळेच धरून चालतात. पण आमच्या राज्यात कम्युनिटी कॉलेजची रहिवासी फी क्रेडिटमागे ७६ डॉलर आहे आणि एका सत्राला १,२१६ डॉलरच्या वर जात नाही. डिग्रीला सत्तर क्रेडिट धरली तरी ५,३२० डॉलर होतात. पुस्तकं, विमा, पार्श्वभूमी तपासणी वगैरे त्यावर. बाहेरच्या राज्यातल्यांना मात्र क्रेडिटमागे २६८ पडतात, आणि मग हे गणित पार कोसळतं. ग्रीन कार्ड असेल आणि आधीची बॅचलर पदवी नसेल तर पेल ग्रँटसाठी (सरकारी शिक्षण-मदत) अर्ज करता येतो. २०२४-२५ साठी तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती, म्हणजे पूर्ण मिळाली तर वर्षाची फी भरून वर पैसे उरतात. एच-४ वाल्यांना (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या जोडीदारांना) ती मिळत नाही.

भारतातली पदवी असेल तर ती फायलीत ठेवून देऊ नका. पुणे विद्यापीठाच्या माझ्या बी.एस्सी.चं डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घेतलं, तर गणित आणि सामान्य शिक्षणाच्या काही विषयांतून सुटका झाली. इंग्रजी लेखनाचा पेपर काही चुकला नाही. सवलत किती द्यायची हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही एवढं नक्की.

व्हिसाचं घोडं ट्रेनीच्या वाटेवर अडतं. एच-४ वर शिकता येतं, पण ट्रेनीला पगार आहे, म्हणजे ईएडी (कामाचा परवाना) हवं. एल-२ वरच्या (कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या) जोडीदारांचा हा प्रश्न आता सुटलाय. आणि महाराष्ट्रातून थेट विद्यार्थी व्हिसावर या डिग्रीसाठी यावं का, असं भाचे-पुतणे विचारतात, त्यांना मी नको म्हणून सांगतो. शिकून झाल्यावर नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी ला किमान बॅचलर पदवीची अपेक्षा असणारं काम लागतं, आणि हे काम त्यात बसत नाही.

आता मला ज्या गोष्टीने खरा वैताग आणला, तिच्याकडे येतो.

ट्रेनी म्हणून हात चांगला बसतो, यात वाद नाही. टेपने डोकं मोजून खुणा करायच्या, कातडी घासायची, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवायचे, इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) पाच किलोओहमच्या खाली आणायचा. दर रात्री दोन पेशंट असले की हे आपसूक अंगवळणी पडतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्गमित्रांच्या डोक्यावर केलेला सराव त्यापुढे लुटुपुटीचाच. पण सकाळी सहाला दिवे लागतात, पेशंटला कामावर पळायचं असतं, आपण कोमट पाण्याने त्याच्या केसांतली पेस्ट काढत असतो, आणि रात्रभराचं रेकॉर्ड दिवसपाळीच्या स्कोअररकडे (रेकॉर्ड वाचून घटना मोजणाऱ्याकडे) निघून जातं. काही लॅबचं स्कोअरिंग तर बाहेरची कंपनीच करते. आपण रात्री दोन वाजता स्क्रीनकडे बघून जे समजलो ते बरोबर होतं की नाही, हे सांगायला कोणी भेटतच नाही.

एका वयस्कर बाईंचं रेकॉर्ड माझ्या अजून लक्षात आहे. श्वासाचा प्रवाह दर थोड्या वेळाने तीस टक्क्यांहून जास्त कमी व्हायचा, दहा सेकंदांच्या वर टिकायचा, मग ईईजीत (मेंदूच्या लहरींत) अराउझल, म्हणजे क्षणभराची जाग, दिसायचं. ऑक्सिजन मात्र तीन टक्केच खाली जायचा. माझ्या अंदाजाने तासाला पंधराच्या वर घटना होत होत्या, म्हणजे मध्यम तीव्रतेचा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार). रिपोर्ट आला तो सौम्य. रात्रीच्या टेकला विचारलं तर खांदे उडवले. दिवसा फोन केला तर स्कोअरर कामात. हे वारंवार व्हायला लागलं आणि मी चिडलो. काम आपण करतोय, पण त्याचं उत्तर पाहायची सोय आपल्याला नाही.

उत्तर वर्गात मिळालं, तेही एका दुपारी, अगदी सहज. हायपोप्निया, म्हणजे श्वास असा कमी होण्याच्या घटना, मोजायचे दोन नियम आहेत. एएएसएम या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या शिफारशीत ऑक्सिजन तीन टक्के उतरला किंवा अराउझल आलं, तरी घटना धरतात. मेडिकेअरला (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) चार टक्के उतार लागतो आणि अराउझल ते मोजतच नाहीत. बाई मेडिकेअरवर होत्या. आमच्या शिक्षिकेने तसलंच एक रेकॉर्ड पडद्यावर लावलं, तीस सेकंदांचा एकेक तुकडा (ईपॉक) पुढे सरकवत दोन्ही नियमांनी मोजायला लावलं, आणि प्रत्येक खुणेला ‘का?’ विचारलं. तो ‘का?’ विचारणारं माणूस मला लॅबमध्ये मिळालं नव्हतं. सगळ्या लॅब अशा नसतील. नवख्याला शेजारी बसवून रेकॉर्ड दाखवणारे जुने टेक असतातच. पण ते भेटणं नशिबाचा भाग, आणि डिग्रीत ते वेळापत्रकातच असतं.

हल्ली रेकॉर्ड असं वाचता येण्याला जास्त महत्त्व आलंय असं मला वाटतं. साधे पेशंट घरच्या चाचणीवरच निभावतात. लॅबमध्ये येतात ते गुंतागुंतीचे: हृदयविकारवाले, लहान मुलं, सीपॅप यंत्राच्या टायट्रेशनला, म्हणजे हवेचा योग्य दाब ठरवायला, आलेले. आणि रात्रपाळी सोडायची तर स्कोअरिंग हाच एक सरळ रस्ता दिसतो.

राज्य बदलायची शक्यता असेल तरी पारडं डिग्रीकडेच झुकतं. न्यू जर्सीत परवाना देणारं वेगळं मंडळ आहे, कॅलिफोर्नियात मेडिकल बोर्डाकडे नोंदणी लागते, आणि मेरीलँडमध्ये नव्याने परवाना मागणाऱ्याकडे मान्यताप्राप्त शिक्षण हवंच.

डिग्रीचे त्रासही आहेत. क्लिनिकलचे तास बिनपगारी. लॅब कॉलेज ठरवून देतं, पण ती दीड तासावर असू शकते, आणि रात्रभर जागून आय-४० महामार्गावर परत गाडी हाकणं हे माझ्या मते या शिक्षणातलं सगळ्यात धोक्याचं काम. जागा थोड्या. काही कॉलेजांनी हा कोर्स गुंडाळलाय, तेव्हा मान्यता आजही चालू आहे का ते सीएएएचईपीच्याच यादीत बघा. कॉलेजच्या पत्रकावर जाऊ नका. घरात दुसरा पगार नसेल, लहान मुलं असतील, तर ट्रेनीची जागा घ्या, मी अजिबात नाक मुरडणार नाही. फक्त मुलाखतीत विचारा की स्कोअरिंग कोण करतं आणि त्यांच्याबरोबर दिवसा बसता येईल का. उत्तर गुळमुळीत आलं तर ओळखा.

रेस्पिरेटरी थेरपीची डिग्री करून मग झोपेकडे वळणं हा तिसरा मार्ग. विशीत असतो तर कदाचित तोच धरला असता, कारण नोकऱ्या कितीतरी जास्त. पण प्रवेशाची चुरस मोठी, आणि व्हेंटिलेटरच्या कामाची ओढही असायला हवी.

डिग्रीचं ठरलं तर रहिवासाचा दाखला आधी काढा. इथे बारा महिन्यांचं वास्तव्य लागतं. आणि क्लिनिकलच्या आधी टीबीची चाचणी होते, तेव्हा लहानपणी बीसीजी घेतल्याचं सांगून रक्ताची चाचणी मागा. हातावरची सुई बीसीजीमुळे फुगू शकते, आणि मग एक्स-रेच्या चकरा सुरू होतात.