डेस्कटॉप ॲपचा इंटरफेस: नेटिव्ह की वेब?

डेस्कटॉप सॉफ्टवेअर करायला घेतलं की इंटरफेस नेटिव्ह (ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या साधनांनी) बांधायचा की वेब (ब्राउझरच्या तंत्राने), हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो, आणि ‘नेटिव्ह वेगवान, वेब संथ’ एवढ्यावर निकाली निघतो. तेवढ्यावर ठरवू नका. ॲटम आणि व्हीएस कोड हे कोड लिहायचे दोन्ही एडिटर इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवणाऱ्या साधनावर, उभे होते. खरं तर इलेक्ट्रॉन जन्मलं तेच ॲटमसाठी. तरी ॲटमची ओळख शेवटपर्यंत जड अशीच राहिली आणि 2022 मध्ये ते बंद झालं. व्हीएस कोड मात्र 2015 पासून वाढतंच आहे, कारण त्या टीमने वेगावर सातत्याने मेहनत घेतली. टर्मिनलमधला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतला) मजकूर आधी डॉममध्ये (पानाच्या घटकांच्या रचनेत) दाखवला जायचा, तो कॅनव्हासवर (थेट चित्र रंगवायच्या चौकटीत) नेला, पुढे वेबजीएलवर (ग्राफिक्स चिपकडून रंगवून घेण्याच्या पद्धतीवर). पाया एकच असूनही दोन्ही ॲप वापरताना जमीन-अस्मानाचा फरक जाणवायचा.

खरा प्रश्न असा आहे: पुढची काही वर्षं कोणतं काम अंगावर घ्यायला तुम्ही तयार आहात?

नेटिव्ह घेतलंत तर तोच इंटरफेस पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. प्रत्येक सिस्टिमचं टूलकिट (इंटरफेस बांधायचा संच) वेगळं: विंडोजवर विनयूआय किंवा डब्ल्यूपीएफ, मॅकवर ॲपकिट किंवा स्विफ्टयूआय, आणि लिनक्ससाठी आणखी काही. तिन्ही सिस्टिमवर चालणाऱ्या क्यूटी या टूलकिटने हे ओझं बरंच हलकं होतं. काटेकोरपणे पाहिलं तर क्यूटी बरीचशी बटणं आणि चौकटी स्वतःच रंगवतं, पण ब्राउझर सोबत आणत नाही म्हणून मी ते याच बाजूला धरतो.

वेब घेतलंत तर कोड एकदाच लिहायचा, पण ऑपरेटिंग सिस्टिम ज्या सवयी फुकट देते त्या हाताने घडवाव्या लागतात. फोल्डरची साधी झाडासारखी यादी घ्या. नेटिव्ह कंट्रोलमध्ये उजवा बाण दाबला की फांदी उघडते, डावा दाबला की मिटते, पुन्हा डावा दाबला की निवड वरच्या फोल्डरवर जाते, आणि एखादं अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या नावावर उडी पडते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधन) कितवी पातळी, उघडी की मिटलेली, हेही सांगतो. एचटीएमएलमध्ये असा ट्री नावाचा घटकच नाही. डिव्ह (साध्या चौकटी) रचून चित्र तासाभरात तयार होतं. बाकीचं सगळं तुम्हाला लिहायचं असतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. त्याची किंमत कीबोर्डवर काम करणारे आणि दृष्टिहीन लोक मोजतात. मला ही वेबची सर्वात गंभीर उणीव वाटते. मेमरीपेक्षाही.

मेमरीची तक्रारही खोटी नाही. इलेक्ट्रॉनचं प्रत्येक ॲप स्वतःचं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा पाया) घेऊन येतं, त्यामुळे अशी चार ॲप उघडी असतील तर चार क्रोमियम चालू असतात. दिवसभर कोपऱ्यात बसून राहणारं छोटं साधन असेल, तर मी त्यासाठी इलेक्ट्रॉन घेणार नाही.

शिवाय इलेक्ट्रॉनचं ॲप एकदा बांधून सोडून देता येत नाही. इलेक्ट्रॉनची नवी मुख्य आवृत्ती दर आठ आठवड्यांनी येते आणि आधार फक्त शेवटच्या तीन आवृत्त्यांना असतो. म्हणजे साधारण सहा महिने अपडेट केलं नाही, तर ब्राउझरमधली सुरक्षेची भोकं तुमच्या ॲपमध्ये उघडीच राहतात. पान दाखवणाऱ्या कोडला थेट नोडचे (फाइल्स आणि सिस्टिमपर्यंत पोहोचणाऱ्या जावास्क्रिप्टचे) अधिकार देणं तर टाळाच. इलेक्ट्रॉन 5 पासून ते मुळातच बंद असतं, ते चालू करू नका.

टॉरी हे इलेक्ट्रॉनसारखंच दुसरं साधन यातून मधली वाट काढतं: सिस्टिममध्ये आधीच असलेलं वेबव्ह्यू (वेब पान दाखवणारा घटक) वापरतं, त्यामुळे इन्स्टॉलर काही एमबीत बसतो. पण मग विंडोजवर वेबव्ह्यू2 म्हणजे क्रोमियम, मॅकवर वेबकिट, लिनक्सवर वेबकिटजीटीके. तिन्हीकडे वेगळं तपासणं आलंच.

वेबच्या बाजूने एक मुद्दा क्वचितच मांडला जातो. नेटिव्ह टूलकिटही म्हातारी होतात. विंडोजवरच विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, यूडब्ल्यूपी, विनयूआय अशी पिढ्यांची रांग लागली आहे. वीस वर्षांपूर्वीचं साधं एचटीएमएल पान मात्र आजही उघडतं.

टीम लहान, ग्राहक तिन्ही सिस्टिमवर, आणि पडदे मुख्यतः फॉर्म, याद्या, मजकूर असे असतील, तर वेबच घ्या. एकाच सिस्टिमवर चालणारं, फाइल्स किंवा ध्वनी-चित्राशी थेट खेळणारं, किंवा सतत मागे चालणारं ॲप असेल तर नेटिव्ह. मधल्या प्रकरणांत ॲपमधला सर्वात अवघड पडदा, समजा लाख ओळींचा तक्ता, दोन्ही पद्धतींनी कच्चा बांधून पाहा. वेबमध्ये फक्त दिसणाऱ्या ओळीच डॉममध्ये ठेवाव्या लागतात, आणि तसं केलं की ब्राउझरचा शोध बाकीच्या ओळींपर्यंत पोहोचत नाही. तोही तुम्हालाच लिहावा लागतो. ही चाचणी डेव्हलपरच्या दमदार मशीनवर करू नका. ग्राहकाकडे असेल तसा जुना, कमी मेमरीचा संगणक घ्या आणि माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर तक्ता चालवून बघा.